मॅनकिनची नोंदवही

व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात मी लोकांचे पूर्वज शोधून देण्याचं काम करते. अमेरिकेत हा रीतसर व्यवसाय आहे. तासाप्रमाणे मोबदला ठरतो आणि शेवटी लेखी अहवाल द्यावा लागतो: कोणते कागद पाहिले, कशात काय मिळालं, कशात काहीच मिळालं नाही. पुण्यात इतिहास शिकत असताना भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकले होते. मोडी वाचणाऱ्याला अक्षरांच्या आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखावा लागतो. हा लेखनिक कुठली अक्षरं जोडतो, कुठे घाईत असतो, कुठे शब्द अर्ध्यात सोडून पुढे जातो. सतराव्या शतकातल्या फ्रेंच नोटरीचा किंवा इंग्रज कारकुनाचा कागद पुढे आला की मी अजूनही तसंच करते. आधी काही पानं नुसती नजरेखालून घालते आणि हात ओळखीचा झाला की वाचायला बसते.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात ह्यूगनॉट मूळपुरुषाची आठवण असते. ह्यूगनॉट म्हणजे फ्रान्समधले प्रॉटेस्टंट. १५९८ च्या नांतच्या जाहीरनाम्याने त्यांना कॅथलिक राज्यात आपला धर्म पाळायची मुभा मिळाली होती. चौदाव्या लुईने ती हळूहळू कुरतडत आणली. १६८१ पासून प्रॉटेस्टंटांच्या घरात राजाचे शिपाई मुक्कामाला घालायला सुरुवात झाली; घरातली माणसं धर्म बदलेपर्यंत त्यांनी तिथेच खायचं, प्यायचं, मोडतोड करायची. ऑक्टोबर १६८५ मध्ये तो जाहीरनामाच रद्द झाला. प्रार्थनामंदिरं पाडायची, पास्टरांनी १५ दिवसांत देश सोडायचा, बाकीच्यांनी मात्र सोडायचा नाही. पळताना सापडलेल्या पुरुषाला राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला पाठवत, बाईला कोंडून ठेवत. तरीही दीड ते दोन लाख माणसं निघून गेली. शिवकालाबद्दल वाचताना ज्याचं प्रवासवर्णन हमखास समोर येतं तो हिऱ्यांचा व्यापारी टॅव्हर्नियर याच पंथाचा. जाहीरनामा रद्द झाल्यावर उतारवयात त्यानेही फ्रान्स सोडलं आणि १६८९ मध्ये मॉस्कोत त्याचा अंत झाला.

बहुतेक निर्वासित हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांत राहिले. अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आलेले त्या मानाने मोजकेच. त्यांचा माग काढणं अवघड का, याचं उत्तर त्या जाहीरनाम्यातच आहे. देश सोडणं हाच गुन्हा, तेव्हा जो निघाला तो चोरून निघाला. त्याच्या निघण्याची नोंद कुणी करणार नव्हतं, आणि त्यानेही आपली काही खूण मागे राहू नये याचीच काळजी घेतली.

केंटकी राज्यातून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं काम मी हातात घेतलं तेव्हा त्यांच्या फायलीत घरात चालत आलेली हकिगत नीट टाइप केलेली होती. मूळपुरुष ला रोशेल या फ्रेंच बंदरातला उमराव. शिपाई आले त्या रात्री दारूच्या रिकाम्या पिंपात लपून जहाजावर चढला. सोबत तलवार आणि बायबल. १७०० मध्ये व्हर्जिनियाला उतरला. बाईंना ह्यूगनॉट वंशजांच्या सोसायटीत नाव घालायचं होतं, आणि तिथे हकिगतीवर भागत नाही. आपल्यापासून त्या माणसापर्यंत प्रत्येक पिढीचा सांधा कागदाने दाखवावा लागतो.

पिंपाची गोष्ट मी वेगवेगळ्या आडनावांच्या घरांत ऐकली आहे. खरोखर पिंपांतून पळालेली माणसं होती, यात शंका नाही. घरोघरी तीच गोष्ट येते तेव्हा ती त्या विशिष्ट माणसाबद्दल फारसं काही सांगत नाही. पण मी ती कधी झटकून टाकत नाही. आठ-नऊ पिढ्या एखाद्या कुटुंबाने ‘आपण भिऊन, लपून आलो’ एवढं लक्षात ठेवलं असेल, तर त्या भीतीला मान द्यायला हवा. उमराव, तलवार वगैरे मागाहून चढलेलं असतं. आलेल्यांत उमराव थोडे. विणकर, चांभार, लोकर पिंजणारे, शेतकरी यांचाच भरणा जास्त.

काम नेहमी उलट दिशेने करायचं असतं. बाईंपासून सुरुवात, मग त्यांची आई, तिचे वडील, असं एकेक पायरी मागे. अमेरिकन क्रांतीनंतर मॅनकिन या व्हर्जिनियातल्या ह्यूगनॉट वसाहतीतल्या बऱ्याच कुटुंबांनी डोंगर ओलांडून केंटकीत जमिनी घेतल्या, म्हणून तिथल्या एका मृत्युपत्राने आम्हाला व्हर्जिनियात आणून सोडलं. इथे एक गोष्ट ठाऊक असावी लागते. ज्या जमिनीवर हे कुटुंब पिढ्यानपिढ्या राहिलं ती आधी हेन्रायको काउंटीत होती, १७२८ पासून गूचलंडमध्ये, १७४९ पासून कम्बरलंडमध्ये आणि १७७७ पासून पाउहटनमध्ये. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचं खरेदीखत एका कचेरीत, त्याच्या मुलाचं लग्न दुसरीत आणि नातवाचं मृत्युपत्र तिसरीत. हौशी शोधकर्ते इथेच अडतात आणि ‘कुटुंब नाहीसं झालं’ असं लिहून मोकळे होतात. त्यात एप्रिल १८६५ ची आग. यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून काही काउंट्यांनी आपले कागद रिचमंडला पाठवले होते. दक्षिणेच्या फौजा शहर सोडून गेल्या त्या रात्री लागलेल्या आगीत ते जळाले. आमच्या सुदैवाने गूचलंड आणि कम्बरलंडच्या वह्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात मायक्रोफिल्मवर शाबूत होत्या.

मॅनकिनबद्दल थोडं सांगते. १७०० च्या जुलैमध्ये ‘मेरी अँड ॲन’ नावाचं जहाज जेम्स नदीच्या मुखाशी आलं. त्यावर दोनशेहून अधिक फ्रेंच निर्वासित होते, पुढारी ऑलिव्हिए द ला म्यूस आणि शार्ल द सायी. त्यामागून ‘पीटर अँड अँथनी’ आलं, आणखीही जहाजं आली. वसाहतीच्या सरकारने त्यांना नदीच्या धबधब्यापासून वीसेक मैल वर, मोनाकन लोकांनी सोडलेल्या गावठाणाच्या जागी १०,००० एकर दिली. गावाचं नाव मोनाकनवरूनच पडलं. हे मोनाकन लोक आजही व्हर्जिनियात आहेत; अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना मान्यता दिली ती २०१८ साली. निर्वासितांना त्या जागी पाठवण्यात जमीनमालक विल्यम बर्ड यांचा मोठा हात होता. सरहद्दीवर माणसं वसली तर पलीकडून होणाऱ्या हल्ल्यांना आडोसा होतो, हा हिशोब त्यामागे होताच. वर्षअखेरीस असेंब्लीने तिथे किंग विल्यम नावाचा वेगळा पॅरिश केला आणि वसाहतवाल्यांना सात वर्षं करमाफी दिली. पहिला हिवाळा फार वाईट गेला. आजारपण, उपासमार, त्यात पुढाऱ्यांमधली भांडणं. पास्टर रिशबूर काही कुटुंबं घेऊन दक्षिणेला कॅरोलिनाकडे निघून गेले. उरले त्यांनी रानद्राक्षांची वाइन करून पाहिली. रॉबर्ट बेव्हर्लीने १७०५ च्या आपल्या इतिहासात तिची दखल घेतली आहे.

या पॅरिशचे दोन कागद टिकून राहिले आहेत. एक, चर्चच्या कारभारी मंडळाची वही, १७०७ ते १७५०, जवळजवळ सगळी फ्रेंचमध्ये. दुसरी, बाप्तिस्म्यांची नोंदवही. तिच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की मॅनकिन टाउनच्या फ्रेंच निर्वासितांच्या चर्चमधले हे बाप्तिस्मे आहेत, २५ मार्च १७२१ पासून, लेखनिक झाक सोब्ले. तारखेकडे पाहा. त्या काळी इंग्रजी राज्यात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, जानेवारीत नव्हे. म्हणजे ही वही वर्षारंभाच्या दिवशी सुरू झाली. १७५२ पर्यंत हाच रिवाज होता. त्यामुळे वहीत ‘फेब्रुवारी १७२५’ लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १७२६. हे न कळल्यामुळे किती वंशावळींत लेकरं आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेली दाखवली आहेत, याला गणती नाही. त्या आयांची निष्कारण बदनामी होते, आणि ते दुरुस्त करताना मला खरोखर समाधान वाटतं.

शिक्षिकाबाईंच्या मूळपुरुषाची खरी अडचण अशी की त्या वसाहतीत एकाच नावाची दोन माणसं होती. आडनावही एकसारखं लिहिलेलं नसायचं. इंग्रज कारकून कानाला पटेल ते लिहायचा. सोब्लेचं सब्लेट झालं, आजेचं एजी झालं. उत्तरेला बोस्टनमध्ये सोनार मास्तरांच्या हाताखाली शिकायला आलेल्या अपोलोस रिव्हॉयर नावाच्या पोराचं नाव पॉल रिव्हिअर झालं. त्याचा त्याच नावाचा मुलगा अमेरिकन क्रांतीमुळे जगाला माहीत आहे. म्हणून मी प्रत्येक आडनाव मोठ्याने म्हणून पाहते, फ्रेंच उच्चाराने आणि मग व्हर्जिनियाच्या ग्रामीण इंग्रजीत, आणि कागदावर जी जी रूपं निघतील ती सगळी शोधते.

दोन सारख्या नावांतून आपला माणूस वेगळा काढायचा तर त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते पाहावं लागतं. मॅनकिनच्या नोंदवहीत मुलाच्या आईबापांबरोबर धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावं असतात. मी एक मोठा तक्ता केला: एकाच्या घरच्या बाप्तिस्म्यांना कोण उभं राहिलं, दुसऱ्याच्या घरी कोण. खरेदीखतांवर कोणी साक्षी घातल्या, मेल्यावर मालमत्तेची यादी करायला कोणते शेजारी आले. हळूहळू दोन वर्तुळं वेगळी दिसायला लागली. एकाच्या घरी कायम त्याच दोन कुटुंबांतली माणसं. दुसऱ्याचे सोबती निराळे, जमीनही नाल्याच्या दुसऱ्या बाजूला. त्यात करपात्र माणसांच्या याद्यांची भर पडली. व्हर्जिनियात डोईपट्टी होती; १६ वर्षांवरचे गोरे पुरुष आणि १६ वर्षांवरचे गुलाम, पुरुष आणि बायाही, मोजले जात. एका यादीत बापाच्या नावापुढे आकडा एक आहे, पुढच्या यादीत दोन होतो, तर घरातला मुलगा १६ चा झाला असावा किंवा गुलाम विकत घेतला असावा. दुसऱ्या कागदांशी ताडून कोणतं ते ठरवायचं. जन्मतारीख कुठेच लिहिलेली नसलेल्या मुलाचं जन्मवर्ष असं कळतं.

डीएनए चाचणीबद्दल सगळे विचारतात. नऊ पिढ्यांमागच्या पूर्वजाचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसणं अगदी शक्य असतं. बापाकडून मुलाकडे सरळ चालत आलेला धागा असेल तर उपयोग होतो. या प्रकरणात मध्ये दोन मुली होत्या, म्हणून तो रस्ता बंद.

शोध समुद्रापलीकडे गेल्यावर मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट कळली, आणि ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते: तुमचा पूर्वज गरीब होता अशी आशा करा. श्रीमंत निर्वासित आपल्या पैशाने आला, आपल्या पैशाने राहिला, त्याची कुणी दखल घेतली नाही. गरिबाला प्रत्येक गावी हात पसरावा लागला, आणि देणाऱ्यांनी चोख हिशोब ठेवले. फ्रँकफर्टच्या फ्रेंच चर्चने, जिनीव्हाच्या धर्मादाय फंडाने, लंडनमध्ये राजाच्या देणगीतून मदत वाटणाऱ्या समितीने कुणाला किती दिलं, तो कुठल्या प्रांतातला, बरोबर किती माणसं, पुढे कुठे जाणार, हे टिपून ठेवलं. फ्रेंच संशोधकांनी यातल्या हजारो नोंदी एकत्र करून शोधता येतील अशा केल्या आहेत. जहाजाच्या यादीत आमच्या माणसाची ओळख होती फक्त नाव आणि पुढे ‘बायकोसह’. स्वित्झर्लंडमधल्या मदतीच्या नोंदीत तोच, मॅनकिनमधल्या त्याच्या एका सोबत्याच्या नावाशेजारी, लोकर पिंजणारा म्हणून येतो, प्रांत दोफिने. ला रोशेलचा काही संबंध नाही. दोफिने आल्प्सच्या बाजूला. तिथून सगळ्यात जवळचा समुद्रही दूर.

लंडनमध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवर फ्रेंच प्रॉटेस्टंटांचं जुनं चर्च होतं. त्याच्या नोंदींत एक प्रकार आहे जो वाचताना मला अजूनही गलबलून येतं. फ्रान्समध्ये शिपायांच्या धाकाने ज्यांनी कॅथलिक होण्याची कबुली दिली होती ती माणसं लंडनला पोचल्यावर मंडळीसमोर उभी राहत, त्या कबुलीबद्दल पश्चात्ताप सांगत आणि पुन्हा आत घेतली जात. एकामागून एक नावं, गावं. पळून आलेल्यांपैकी कितीतरी जण आधी वाकलेले होते, हे या वह्या सरळ सांगतात. घराण्याच्या हकिगतींत हा भाग कधीच नसतो. माझ्या मते तोच त्यांच्या धैर्याचा भाग आहे. एकदा हार मानलेल्या माणसाने पुन्हा सगळं सोडून निघावं, याला फार बळ लागतं.

स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारे विरळा. साउथ कॅरोलिनात गेलेल्या झ्युदित झितोंचं भावाला लिहिलेलं पत्र म्हणूनच मोलाचं. शिपाई घरात झोपलेले असताना ती आई आणि भावांबरोबर रात्री निघाली, जर्मनी-हॉलंडमार्गे लंडनला आली. पुढच्या प्रवासात आई तापाने गेली. कॅरोलिनात सहा महिने भाकरी तोंडात पडली नाही, शेतात गुलामासारखी राबले, असं ती लिहिते. सोबत आलेला एक भाऊही तिथे तापानेच गेला. शिक्षिकाबाईंना मी ते पत्र वाचायला दिलं. त्यांच्या पूर्वजाच्या बायकोचं एक अक्षरही उरलेलं नाही, पण तिने काय सोसलं असेल याची कल्पना या पत्रावरून येते.

दोफिनेमधल्या गावाचा शोध सरकारी दप्तरखान्याने ठेवलेल्या पॅरिशच्या वह्यांत झाला. आता त्या घरबसल्या पाहता येतात. १६८५ च्या शरदात कॅथलिक पाद्र्याने गावातल्या प्रॉटेस्टंटांच्या धर्मत्यागाच्या नोंदी केल्या आहेत. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी सही केली. त्यात आमच्या माणसाचं नाव, आणि खाली तरुण, घट्ट हाताची सही. मॅनकिनच्या वहीत अनेक वर्षांनी त्याच नावाच्या माणसाची सही आहे, तिचा हात कापरा झालेला. दोन्ही शेजारी ठेवून मी बघत बसले. नावातल्या पहिल्या अक्षराची मागे वळलेली शेपूट, शेवटच्या अक्षराखालची दुहेरी रेघ सारखी आहे. गाव त्याच सोबत्याचं. व्यवसाय जुळतो. अहवालात मी ‘दाट शक्यता’ असं लिहिलं, ‘सिद्ध’ लिहिलं नाही. सोसायटीला व्हर्जिनियापर्यंतचा दाखला पुरतो, तो सांध्यासांध्याने पक्का होता. बाईंना गावाचं नाव अहवालात ठसठशीत हवं होतं. मी त्यांना सांगितलं की एखाद्या नोटरीच्या बंडलातून लग्नाचा करारनामा निघाला तर तेही होईल. आज जेवढं कळतं तेवढंच लिहिलं तर पुढच्या शोधणाऱ्याची वाट अडत नाही. त्यांनी ते मान्य केलं.

अहवालात आणखी एक पान होतं, ज्याबद्दल मी त्यांना आधी फोन केला. मॅनकिनच्या बाप्तिस्म्याच्या त्याच नोंदवहीत, त्याच शाईने, गुलाम मुलांचे जन्मही लिहिलेले आहेत. मुलाचं एकच नाव, आणि अमक्याच्या मालकीचा. बहुतेक ठिकाणी आईचा उल्लेखही नाही. शिक्षिकाबाईंच्या मूळपुरुषाच्या मुलाचं नाव तिथे मालक म्हणून होतं. धर्मासाठी वल्ह्यांना बांधलं जाण्याच्या भीतीने पळालेल्या माणसाच्या दुसऱ्याच पिढीत हे घडलं, आणि त्या एकाच घरात नव्हे; उत्तरेला न्यू पाल्ट्झच्या ह्यूगनॉट दगडी घरांतही गुलाम होते. मला हे वाचून राग येतो. तो अहवालात लिहायचा नसतो, पण पान गाळायचंही नसतं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी चाळीसेक वर्षं मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवला. हे पान पहिलं ठेवा.”

पुढे सोसायटीत त्यांचं नाव लागलं. आणि काही काळाने त्यांच्या मूळपुरुषाच्याच आडनावाच्या एक कृष्णवर्णीय बाई लायब्ररीच्या वाचनकक्षात मला भेटल्या. व्यवसायाने नर्स, राहणाऱ्या रिचमंडच्याच. त्यांचा माग १८७० च्या जनगणनेपाशी थांबला होता. बहुतेक कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा त्याच जनगणनेत लिहिली गेली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग आणि वर्ण आहे. तिथून मागे जायचं तर मालकाच्या घरचे कागद लागतात: मृत्युपत्रं, मालमत्तेच्या वाटण्या, गहाणखतं, कारण माणसं त्यांत गाईगुरांच्या यादीत नावानिशी येतात. शिक्षिकाबाईंना विचारून मी त्यांच्या फायलीतल्या सगळ्या प्रती या बाईंना दिल्या. केंटकीत शोधून काढलेली एक जुनी वाटणीची यादी शिक्षिकाबाईंनी आपण होऊन वर घातली.

दोघी आता एकमेकींशी फोनवर बोलतात. मी कम्बरलंडच्या मृत्युपत्रांच्या वह्या पानापानाने वाचते आहे. मॅनकिनच्या नोंदवहीत जन्माची नोंद असलेल्या एका गुलाम मुलीचं नाव गूचलंडच्या एका यादीत आलं आहे, पुढे मूल्य पौंडांत. तेच नाव, त्याच घराच्या पुढच्या पिढीत, एका नातीचं म्हणून केंटकीच्या वाटणीत आहे. मधल्या तीस वर्षांचे कागद दोन काउंट्यांत वाटले गेले आहेत, आणि त्यातली पहिली रीळ सध्या माझ्या मशीनवर चढवलेली आहे.